स्लॅबवरचं साक्षगंध

आमच्या घरी वरणाला फोडणी कधी द्यायची, हे एके काळी माझ्या ऑनलाइन क्लासवर ठरायचं. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण मोहरी तडतडली की तिचा आवाज माझ्या मोबाइलमधून थेट पुण्याच्या सरांच्या कानात जायचा. मिरची जळली की मला असा ठसका लागायचा, की मुलाखतीच्या सरावात माझे गुण सांगून व्हायचे आणि दोष सांगायचे राहून जायचे. एकदा सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, की काय तळणं चाललंय आणि कोणाकडे. त्या दिवसापासून आईनं क्लासच्या वेळात फोडणी बंद केली. क्लास नेमका जेवणाच्या वेळेला असायचा, त्यामुळे आम्ही कित्येक महिने बिनफोडणीचं वरण खाल्लं. बाबा ताटाकडे बघून म्हणायचे, "दवाखान्यात भरती झाल्यावानी वाटते." पण म्हणायचे हळूच, कारण क्लास चालू असायचा.

आमचं घर अमरावतीकडच्या नेरला, कापसाच्या मार्केटमागच्या गल्लीत. बाबांचं बिछायत केंद्र होतं. म्हणजे लग्नकार्याला लागेल ते सगळं भाड्यानं द्यायचं: मांडवाचे पाइप, कनाती, सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, गावजेवणाची पातेली आणि नवरदेव-नवरीच्या त्या मखमली, सोनेरी शिंगांच्या राजा-राणी खुर्च्या. दुकानाला माझंच नाव होतं, मितू. खरं नाव संघमित्रा, पण ते बोर्डावर मावलं नाही असं बाबा सांगायचे. दुकानात मावत नव्हतं ते सामान घरात असायचं. आम्ही सोफा कधी विकत घेतलाच नाही. लग्नसराई नसली की मी राणीच्या खुर्चीत बसून अभ्यास करायची आणि आई राजाच्या खुर्चीत बसून लसूण सोलायची. पाइप आदळण्याचा आणि बाबांच्या 'हॅलो, माइक टेस्टिंग'चा आवाज नसेल तर आम्हाला झोप यायची नाही, असं ते घर. त्या घरात माझ्या क्लासपायी सगळे चपला हातात घेऊन चालू लागले.

बाबांना धंद्यानं लागलेली एक खोड होती. कुणी माणूस उभा दिसला की त्यांचा हात आपोआप खुर्चीकडे जायचा. दारात पोस्टमन आला, खुर्ची. पातेल्याला पोचा पडला म्हणून भांडायला गिऱ्हाईक आलं, तरी आधी खुर्ची, मग भांडण. पाव्हणा उभा राहिला म्हणजे बिछायतवाल्याची नाचक्की, हे त्यांचं एकमेव व्यावसायिक तत्त्व होतं. ही खोड मी मुद्दाम सांगून ठेवते आहे, कारण माझ्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या मुलाखतीत तिनंच हात घातला.

बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते. तेव्हा नुसती डिग्री पुरत नसे, माणूस 'नोकरीसाठी तयार' असावा लागे, आणि तो तयार करून देणारे कोर्स मोबाइलवर फुकट मिळत. मी एकात नाव घातलं. त्या कोर्सचं एक अ‍ॅप होतं आणि त्यात एक वर्तुळ. आपण किती तयार झालो ते ते वर्तुळ दाखवी: आधी लाल, मग पिवळं, मग हिरवं. अ‍ॅपसमोर बसून खोटी मुलाखत द्यायची आणि मग ते आपलं बोलणं, नजर, आवाज आणि हसू तपासायचं. हो, हसूसुद्धा. बाकी सगळ्यात मी बरी होते, पण हसण्यापुढे दर वेळी लिहून यायचं, 'सुधारणा आवश्यक'. मी कपाटाच्या आरशासमोर दातांत पेन धरून हसण्याचा सराव करू लागले. दोन दिवस आईनं ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हातावर लवंग ठेवली. तिला वाटलं, दाढ दुखते आहे.

बाबा रोज संध्याकाळी दुकान बंद करून आले की विचारायचे, "आज किती?" सोयाबीनचा भाव विचारावा तसं. वर्तुळ चढलेलं असलं की ते खूश, उतरलेलं असलं की म्हणायचे, "चढन उद्या." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण हळूहळू मीच माझा भाव त्या वर्तुळात पाहू लागले. डोळे उघडले की आधी मोबाइल, मग पाणी. भाकर दोन घास खाल्ली की पोट भरायचं. केस विंचरले की फणी भरायची. आई विचारायची, "भाकर किती टाकू?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन." कोर्समध्ये शिकवलं होतं, उत्तर सुचेपर्यंत असं म्हणायचं. आधी आई हसली. नंतर हसेना, कारण मलाही त्यावर हसू येईनासं झालं होतं. सांगायचं तर मी त्या दिवसांत फार दुःखी होते आणि ते मला कळतही नव्हतं. मला वाटायचं, मी नुसतीच थोडी कमी तयार आहे.

खऱ्या मुलाखतीही झाल्या, मोबाइलवरच. त्यांची खबर गल्लीभर असायची, कारण भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्या गल्लीत भिंतींना तोंडंही होती. मग नळावर, दुकानात, बुद्धविहारात, जिथं जावं तिथं एकच विचारणा, काय झालं पोरी, लागली का? त्यात सगळ्यांत पुढे समोरच्या कमलमावशी. त्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्यामुळे विचारण्याचा हक्क आपलाच असं त्या समजायच्या. मी त्यांच्या घरी जाणं सोडलं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून कोथिंबिरीची सांबारवडी खायची आणि गल्लीच्या गोष्टी ऐकायच्या, हा माझा लहानपणापासूनचा नेम, तो मोडला. पुढे पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. त्या कोर्समधून मिळणारी ही शेवटची मुलाखत, त्यानंतर बॅच बंद. तेव्हा आईनं बजावून सांगितलं, या वेळेला या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही.

कोर्समध्ये शेवटचा धडा होता पार्श्वभूमीचा. मागे पसारा दिसू नये, साधा पडदा असावा, तोंडावर उजेड असावा. घरात रेंज इतकी कमी, की व्हिडिओत माझं तोंड निम्म्यात थांबायचं आणि आवाज पुढे निघून जायचा. म्हणून मुलाखत स्लॅबवरून, म्हणजे गच्चीवरून, द्यायची ठरली. मी बाबांना एवढंच म्हटलं, की एक साधा मलईरंगी पडदा लावून द्या. बिछायतवाल्याला साधा पडदा सांगणं म्हणजे हलवायाला चिमूटभर साखर मागण्यासारखं. दुपारी चार वाजता मुलाखत. साडेतीनला मी नवा ड्रेस घालून, उत्तरं पुटपुटत जिना चढले, आणि वर पाहते तो लग्नाचं स्टेज. मागे चुण्या घातलेला मलईरंगी साटीन, त्याच्या दोन्ही अंगांनी मरून मखमल, वर सोनेरी झालर, बाजूला दोन हॅलोजन आणि मधोमध राजा-राणी खुर्च्या. लाइट गेली तर म्हणून खाली गल्लीत जनरेटर आणि त्याच्यापाशी गॅरेजवाले रज्जाकचाचा हजर.

मी म्हटलं, बाबा, हे काय. ते म्हणाले, "पडदाच आहे. बाकीचं त्याच्यासोबत येते." दुसरी खुर्ची कायले, असं विचारलं तर म्हणाले, जोडी तोडत नाही, उचलताना शिंग मोडते. उतरवायला वेळ नव्हता. मी राणीच्या खुर्चीत बसले, मोबाइल स्टूलवर ठेवला आणि कॅमेऱ्यात फक्त मलईरंग दिसेल असा कोन धरला. आमचा स्लॅब अख्ख्या गल्लीला दिसतो, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

गल्लीला मात्र सगळं लगेच समजलं. बिछायतवाल्याच्या स्वतःच्या घरावर स्टेज चढतं, राजा-राणी खुर्च्या वर जातात, जनरेटर येतो, पोरगी नवा ड्रेस घालून जिना चढते, आणि घरातलं कोणी काहीच बोलत नाही. याचा अर्थ एकच. मितूचं साक्षगंध, आणि तेही आपल्याला न सांगता. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात आणि त्याला गल्ली न बोलावणं हा जवळपास गुन्हाच. पण न बोलावलेल्या साक्षगंधाला न जाणं हा त्याहून मोठा. चारला पाच कमी असताना जिन्यावर बांगड्या वाजल्या. कमलमावशी बुद्धवंदनेची पांढरी साडी नेसून, हातात वंदनेला लावायच्या मेणबत्त्यांचा पुडा घेऊन सगळ्यांत पुढे. मागे बाया, त्यांच्या मागे माणसं, आणि जनरेटर सोडून वर आलेले रज्जाकचाचा. ते बाबांच्या कानात म्हणाले, "भाई, नौशा नाही दिसून राह्यला." नौशा म्हणजे नवरदेव.

तेवढ्यात मोबाइल वाजला. पलीकडून मॅडम आल्या. बाबांनी गल्लीकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. समजावून सांगायला वेळ नव्हता, हाकलायची त्यांची जात नव्हती आणि समोर एवढी माणसं उभी. मग त्यांच्या हातानं तेच केलं जे तो आयुष्यभर करत आला होता. खालून खुर्च्या आणून, आवाज न करता, एकात एक अडकलेल्या सोडवून त्यांनी मोबाइलच्या मागे रांगा मांडल्या आणि सगळ्यांना बसवलं. मी मॅडमना माझं नाव, गाव, शिक्षण सांगत होते आणि समोर सगळी गल्ली हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. आई जिन्याच्या तोंडाशी तोंडाला पदर लावून उभी. माझा घाम कपाळावरून निघून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता.

मॅडमनी इंग्रजीत विचारलं, अचानक अडचण आली आणि तुम्ही ती निभावून नेली, असा एखादा प्रसंग सांगा. याचं उत्तर मला पाठ होतं. कोर्सनंच दिलेलं: कॉलेजच्या महोत्सवात पाऊस आला, मांडव गळू लागला, मी धीर न सोडता सगळ्यांना एकत्र आणलं. आमच्या कॉलेजात असला महोत्सव कधी झाला नव्हता, पण मी रोज तो इतक्या वेळा सांगितला होता, की मला त्या पावसाचा वासही यायला लागला होता. मी सुरुवात केली. मांडव गळायला लागला तोच मॅडमनी हात वर केला. त्या थकलेल्या दिसत होत्या. मराठीत म्हणाल्या, "थांबा. सकाळपासून मी हा महोत्सव ऐकतेय. प्रत्येकीच्या कॉलेजात हाच मांडव गळतो. तुमचं स्वतःचं काही सांगा ना."

बिछायतवाल्याची पोरगी मी. खरेखुरे गळके मांडव आयुष्यभर पाहिलेले. दारव्ह्याच्या एका लग्नात तर सोसाट्याच्या वाऱ्यात बाबांबरोबर अख्खा खांब मिठीत धरून उभी राहिलेली. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकही खरी गोष्ट शिल्लक नव्हती. मॅडम वाट बघत होत्या. गल्ली वाट बघत होती. गल्लीच्या लेखी मोबाइलमधल्या बाई म्हणजे मुलाकडच्या. आणि मुलगी पाहायच्या कार्यक्रमात पलीकडच्या बाईनं अवघड प्रश्न विचारला आणि पोरगी अडखळली, की गल्लीतल्या जाणत्या बाईनं पोरीची बाजू उचलून धरायची, ही आमच्याकडची पद्धत. कमलमावशी खुर्चीतून उठल्या, दोन पावलं पुढे आल्या आणि मोबाइलकडे बघून म्हणाल्या, "बाई, पोरीले घाबरवू नका. लहानपणापासून पाहून राह्यली मी. गुणाची पोरगी आहे, कोणाले उलटून बोलत नाही. हुंडा मात्र आमच्यात देत-घेत नाही, ते आधीच सांगून ठेवतो."

मोबाइलमध्ये मॅडमचं तोंड उघडं राहिलं. बाबांनी डोळे मिटले. आणि मला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून, मग आवरेचना. मी राणीच्या खुर्चीत वाकून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. कितीतरी महिन्यांत मी हसले नव्हते, हे मला हसताना समजलं. मला पाहून आई हसायला लागली, मग रज्जाकचाचा, आणि काय झालं हे न कळताही सगळी गल्ली.

मी मोबाइल उचलला आणि उलटा फिरवला. मॅडमना खुर्च्यांच्या रांगा दाखवल्या, मखमल दाखवली, रिकामी राजाची खुर्ची दाखवली. म्हटलं, मॅडम, अचानक आलेली अडचण म्हणजे ही. आणि मग मराठी, हिंदी, इंग्रजी जे तोंडाला येईल त्यात सांगत सुटले, की वडिलांना साधा पडदा मागितला होता, की हे सगळे माझ्या साक्षगंधाला आलेत, की यांना अजून माहीत नाही तुम्ही कोण. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यानंतर त्यांनी बरंच काही विचारलं आणि मी बरंच काही सांगितलं, दारव्ह्याचा खांबही सांगितला. शेवटी त्या म्हणाल्या, छान वाटलं, कळवतो.

मोबाइल बंद झाल्यावर बाबांनी गल्लीला खरं काय ते सांगितलं. नोकरीची मुलाखत होती, असं म्हटल्यावर लोकांना थोडं वाईट वाटलं, कारण मेणबत्त्या वाया गेल्या. मग कमलमावशींनी विचारलं, काय म्हणाल्या बाई? मी म्हटलं, कळवतो म्हणाल्या. ज्यांच्या घरी पोरी होत्या त्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशी माझ्या शेजारी, राजाच्या खुर्चीत, येऊन बसल्या. म्हणाल्या, "माह्या पोरीले, सुनंदालेही, पाहून गेल्यावर दोन-चार ठिकाणून कळवतो म्हणले होते. अजून कळवूनच राह्यले." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडे काहून येत नाहीस व तू? मी विचारतो म्हणून? नाही विचारत आता." मी त्यांच्या पांढऱ्या साडीत तोंड खुपसून रडले. तेही चांगलं वाटलं.

आली माणसं तशीच कशी पाठवायची, म्हणून आईनं पोहे टाकले. कित्येक दिवसांनी आमच्या घरात बिनधास्त मोहरी तडतडली आणि तो आवाज वर स्लॅबपर्यंत आला. मी तीन बश्या खाल्ल्या. सगळे गेल्यावर बाबा आणि मी झालरीच्या गाठी सोडत होतो. ते म्हणाले, "तू हासली आज. मले वाटलं, विसरली." त्या संध्याकाळी त्यांनी मला 'आज किती' विचारलं नाही, आणि पुढेही कधी विचारलं नाही. एका हसण्यानं माझं सगळं दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. नंतरही वाईट दिवस आले. पण त्या दिवसानंतर मी वाईट दिवसाला वाईट दिवस म्हणू लागले, आणि ओट्यावर जाऊन मावशींना सांगू लागले.

बाबा मात्र वाट पाहत राहिले. मॅडम हसल्या होत्या, डोळे पुसले होते, म्हणजे पसंती आहेच, असं त्यांचं म्हणणं. मांडव टाकायला खेड्यावर गेले तरी शिडीवरून फोन करायचे, "कळवलं का बा त्याइनं?" मी म्हणायची, नाही बाबा. मग म्हणायचे, "कामात असतीन." साटीनचा तो पडदा त्यांनी कितीतरी दिवस कोणाला भाड्यानं दिला नाही. गरज पडन, म्हणायचे. कंपनीनं कधीच कळवलं नाही. एक दिवस बाबांनी विचारणं थांबवलं आणि तो पडदा एका बारशाला देऊन टाकला. नकार मला सोसला असता. त्यांचं ते थांबणं मला अजून सोसत नाही.

मला नोकरी पुढे अमरावतीत मिळाली, ओळखीपाळखीनं, समोरासमोर बसून, आणि होता होता मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. पुष्कळ वर्षं मी तरुण पोरापोरींच्या मुलाखती घेतल्या. त्यांची हसरी, घाबरलेली, पाठ केलेली तोंडं पाहिली. माझ्याबरोबरचे लोक मला वेडी म्हणायचे, कारण मी कुणालाही 'कळवतो' म्हणून सोडलं नाही. हो असो की नाही, त्याच दिवशी, स्वतः फोन करून सांगितलं. 'नाही' ऐकून काही पोरं रडली, काहींनी रागानं फोन आपटला, एकीनं तर मलाच धीर दिला. मुलाखतींच्या दिवशी संध्याकाळी बाबांचा नेरहून फोन यायचा. तब्येत, पाऊस, कापूस सगळं सोडून आधी तेच, "सांगितलं का सगळ्या पोराइले?"

मी म्हणायची, सांगितलं बाबा. पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज यायचा आणि मग ते आरामात बसून बाकीचं बोलायचे. आता विचारायला ते नाहीत. तरी माझ्याकडे मुलाखत देऊन गेलेल्या शेवटच्या पोरीपर्यंत प्रत्येकीला मी त्याच संध्याकाळी फोन केला, आणि फोन ठेवला की मनात बाबांना सांगितलं, की सांगितलं.